बाबांनी केलेली खूण

प्रिय आई,

मी बरी आहे, वेळेवर जेवते. तुझा गुडघा काय म्हणतो?

बाबा गेल्यावर तू त्यांचा आवाज मागितलास. ते ध्वनिमुद्रण ठेवू द्या म्हणून विद्यापीठाच्या नैतिकता समितीकडे मी तीनदा अर्ज केला गं. पण छापखान्याच्या कामगारांवरच्या माझ्या अभ्यासासाठी मुलाखत देताना बाबांनी संमतिपत्रात ‘काम संपल्यावर ध्वनिमुद्रण पुसावे’ या पर्यायासमोर खूण केली होती. मीच घाईत म्हणाले होते, “करा हो बाबा कुठेही, नुसता उपचार आहे.” आता ती खूण फक्त तेच बदलू शकले असते.

आज पुसलं. त्याआधी एकदा ऐकलं. शेवटी ते तुला हाक मारतात, तू आतून “आले, आले” म्हणतेस. तू पोचायच्या आत मी यंत्र बंद केलं होतं.

तुझी चुकलेली,
धाकटी