थोरल्या आबांचं दुसरं बारसं

२० सप्टेंबर

मेलेला माणूस टीव्हीवर दिसला!

आज घात चतुर्दशी. अपघातात गेलेल्यांचं पान आज वाढायचं, म्हणून थोरल्या आबांचं. थोरले आबा म्हणजे नाथाजी, माझ्या सासऱ्यांचे मोठे भाऊ. कोयनेच्या भूकंपानंतरच्या धक्क्यांत, पाटणजवळच्या आमच्या गावी, ऐन अठराव्या वर्षी दरडीखाली गेले, देहही मिळाला नाही. बातमी घरी आणली ती नानांनीच— सासऱ्यांनी— तेव्हा बारा वर्षांचे होते. लग्न होऊन आल्यापासून मी आबांना आवडायची म्हणून गवारीची भाजी करते. पान गच्चीवर ठेवून खाली आले, तर बातम्यांत लाल टोपीतला एक म्हातारा. "पाटण तालुक्याचे सुपुत्र कार्डिनल नाथाजी शेडगे यांना पोपकडून..." पुढचं ऐकूच आलं नाही. हनुवटीवर तीच खोक! फोटो पुसताना रोज बघते की मी!

जयराज, नवरा माझा, घास तोंडाशी धरून तसाच. नाना उठले, टीव्ही बंद केला.

"जेवा गुमान," म्हणाले.

२१ सप्टेंबर

दिवसभर मोबाईल सोडला नाही. भूकंपानंतर मदत घेऊन आलेल्या फादरांबरोबर गेले म्हणे. पुण्यात शिकले, पाद्री झाले, मग थेट रोम. पोपचे राजदूत म्हणून आफ्रिकेत काय, दक्षिण अमेरिकेत काय! एका ठिकाणी दोन सैन्यं समोरासमोर उभी होती. हे मधे खुर्ची टाकून बसले, दोन्हीकडच्या सेनापतींना चहा पाजला आणि बोलतं केलं. तह झाला! आणि अशा माणसाला मी कावळ्याच्या हातून जेवू घालत होते. कर्म माझं!

२२ सप्टेंबर

जयराजने सरळ विचारलं. "नाना, आजोबांना खोटं सांगितलं होतं तुम्ही?"

"व्हय."

एवढंच! का, कशासाठी— काही नाही. सगळी जमीन पुढे एकट्या नानांच्या नावावर झाली. हे आमच्या दोघांच्याही मनात आलं. बारा वर्षांच्या पोराला जमिनीचं काय कळतंय म्हणा. पण नंतर? पलटणीत सुभेदार झालात, तेव्हा तरी तोंड उघडायचं होतं! आजेसासूबाई लेकासाठी रडून रडून गेल्या. मी स्वतः बघितलंय. मला नानांचा इतका राग आलाय की चहा दिला तो टेबलावर आपटून दिला.

५ ऑक्टोबर

सांगलीहून एका फादरांचा फोन. कार्डिनलसाहेब सत्काराला सांगलीत येणार, आणि त्यांना साताऱ्याला घरी यायचंय. घरी!

नाना म्हणाले, "मेलेला मानूस घरात येत न्हाई."

६ ऑक्टोबर

साळूबाई आत्या आल्या, नानांची धाकटी बहीण. आधी रडल्या, मग हसल्या, मग पदर खोचून हुकूम सोडला. "दिस घातलेला मानूस आसा उंबऱ्यात घ्याचा नसतो. आदी त्येचं बारसं करायचं. आन मेल्याची बातमी ज्यानं आणली, त्यानंच 'आला' म्हणून आत घ्याचं. आमच्यात तसंच हाय."

शहात्तर वर्षांच्या कार्डिनलचं बारसं! घुगऱ्या भिजत घालू की काय!

पण 'आला' म्हणायचं कोणी? नाना भिंतीकडे तोंड करून बसले.

२६ ऑक्टोबर, सांगली

माहेरी जाते सांगून निघाले ती तडक चर्चमध्ये. एवढी गर्दी, पोलीस, हारतुरे! मला वाटलं, इंग्रजीत बोलतील, मी काय उत्तर देणार? तर म्हणतात कसे, "हरीची सून व्हय तू? ये की, पोरी! बस हितं." अगं बाई! जगभर फिरलेल्या माणसाच्या तोंडी आमच्या गावची बोली, तीही जुनी, आत्या बोलतात तशी.

मला राहवलं नाही. म्हटलं, "आबा, घरी सगळे तुम्हाला मेलेले समजतात. दरवर्षी पान ठेवतो आम्ही."

चेहरा पांढराफटक पडला. "आजून?" एवढंच म्हणाले. कोणी सांगितलं, का सांगितलं, काही विचारलं नाही. मोठा माणूस, सावरून घेतलं असेल. निघताना माझा हात धरला. "हरीला काय बोलू नगो. मला आत घील का त्यो?"



२८ ऑक्टोबर

नानांना बोलू नको म्हणाले होते. बोलले! "सख्ख्या भावाला जिवंतपणी मारलंत, आता दारात तरी उभं करा." सासऱ्यांसमोर एवढा आवाज मी कधी चढवला नव्हता. जयराज मधे पडला. नाना पानावरून उठून गेले. जेवलेही नाहीत.

३० ऑक्टोबर

आले! पांढरा झगा, कमरेला लाल पट्टा, पायांत साध्या चपला. सगळी गल्ली गोळा झाली. अंगणात पाळणा मांडलेला. आत्यांनी त्यांच्या कानात कुर्रर्र करून नाव सांगितलं— नाथाजीच. शेजारणींनी रीतीप्रमाणे आत्यांच्याच पाठीत बुक्के घातले, आणि कार्डिनल खदखदून हसले. मग सगळ्यांचं लक्ष दाराकडे. नाना उंबऱ्यात उभे. आत्या ओरडल्या, "आरं बोल की, हऱ्या!"

"आला," नाना म्हणाले. जेमतेम ऐकू आलं. मला रडू फुटलं. पण भावाला मिठी मारली नाही त्यांनी. काय मेलं काळीज आहे या माणसाचं!

३१ ऑक्टोबर

सकाळी चहाला दोघेच ओट्यावर होते. मी बशी घेऊन गेले तेव्हा आबा विचारत होते, "आई शेवटाला माजी वाट बगत व्हती का रं?"

"कशी बगंल? फादरासंगं जाताना तूच, आई मला मागारी न्यायला ईल, तवा 'दादा मेला' म्हणून सांग, कुणाला बोलू नगो, म्हणून तिचीच शपथ घातलीवतीस की मला."

आबांनी मान खाली घातली. "व्हय," म्हणाले.