नऊ नंबरचा बिल्ला

प्रिय गोगलगाय,

आज तिसरा दिवस. सकाळपासून दोन बोटी प्रवाळाच्या पलीकडे घिरट्या घालतायत आणि मी प्रयोगशाळेच्या खिडकीशी बसून तुला शिव्या घालतेय. कुठे कडमडला आहेस? तुझा टॉवेल अजून दोरीवर आहे, वाळून कडक झालाय. तो काढायची कुणाची छाती होत नाही.

आलो तेव्हा किती हसत होतो रे आपण! अर्ध्या वर्गाला पाण्याची भीती, आणि तू, कॉलेजात एका तासाला वेळेवर न आलेला, इथे मात्र सगळ्यांच्या आधी पाण्यात. सरांनी जोड्या लावल्या आणि तू माझ्या गळ्यात पडलास. पाइपाची मीटरभर चौकट तळावर ठेवायची, आतलं किती प्रवाळ जिवंत, किती मेलेलं, ते पाटीवर लिहायचं. बहुतेक चौकटी पांढऱ्याफटक. मी आकडे लिहून मोकळी व्हायचे. सतराव्या चौकटीत तुला बोटभर तपकिरी, जिवंत तुकडा सापडला आणि तेव्हापासून तुला दुसरं काही सुचेना. रोज त्याला बघून यायचास, आजारी नातेवाइकाला भेटायला जावं तसा.

आणि ते बिल्ले. बोटीवरच्या फळीवर प्रत्येकाच्या नंबरचा पत्र्याचा बिल्ला. पाण्यात उतरताना लाल बाजू पुढे करायची, परत चढलं की हिरवी. ज्याचा त्याने उलटायचा. तू वर चढून चारदा हिरवा करायला विसरलास. चौथ्यांदा अख्खी बोट उन्हात ताटकळली, सरांनी सगळ्यांसमोर तुझी बिनपाण्याने केली, पुन्हा विसरलास तर घरी पाठवीन म्हणाले. तू हसलास, पण त्या दिवशी जेवला नाहीस. मला ते फार लागलं.

बोटवाल्या काकांना परवापासून चौकीत बसवून ठेवलंय. माणसं न मोजता बोट हाकली म्हणतात. ते बिचारे एकच सांगतायत, की फळी बघितली, सगळे बिल्ले हिरवे होते. कुणी ऐकत नाही. त्यांची बायको खाली पायरीवर बसून आहे. मी जाता-येता दिसले की चहा घेतलास का म्हणून मलाच विचारते. मला तिच्याकडे बघवत नाही.

परवा धक्क्यावर उतरलो, सगळ्यांनी आपापल्या चपला घातल्या आणि तुझ्या तेवढ्या उरल्या. मी ओरडले नाही. आधी न्हाणीघर बघून आले, मग तुमची खोली, मग जेवणघर. दहा मिनिटं मी तुला कोरड्या जागी शोधत होते.

सरांनी सगळ्यांना जबाबाचे छापील कागद दिलेत. काय पाहिलं ते लिहा, पाचपर्यंत द्या. माझा हा तिसरा कागद. आधीच्या दोन्हींवर मी काही पाहिलं नाही असं लिहिलं आणि फाडून टाकलं. मग वाटलं, सरांना नको, तुलाच लिहावं. तुझ्याशी खोटं बोलायला मला कधी जमलेलं नाही. तर ऐक. दोन मिनिटांत सतरा नंबरला बघून येतो, तू हो पुढे, असं म्हणून तू वळलास. मी बोटीवर चढले, माझा बिल्ला हिरवा केला आणि लगेच तुझाही केला. पुन्हा बोलणी खाऊ नयेस म्हणून. मग मळमळायला लागलं म्हणून ताडपत्रीखाली डोळे मिटून पडले, आणि बोट निघाली. काकांची चूक नाही. आता पावणेपाच झालेत. सहाच्या गाडीने तुझी आई येतेय. हाच कागद मी सरांच्या हातात देणार आहे, आणि मग तिच्या. त्याआधी ये रे. ये, आणि सगळ्यांसमोर माझी बिनपाण्याने कर.

तुझीच,
बिल्ला नंबर आठ