आडवी झालेली होडी मीच उभी केली

मालवण

चि. इंद्रजितले थोरल्या ताईचा भरभरून आशीर्वाद.

पोरीकडे मी मजेत हाये. आज माही दोन पोटांची, म्हंजे दोन लांब नावा जोडल्यावानी, शिडाची होडी वाऱ्यानं आडवी झाली. होडी शिकवणारे मास्तर लांबून ओरडले, "आजी, एकटीनं उभी कराल तरच उद्या एकट्या जाल!"

आधी मी विहिरीवरच्यासारखा दोर हातानंच ओढत राह्यली, होडी हलेना. मंग खालच्या पोटावर उभी राहून दोर धरला अन् सारं अंग मागं झोकलं. शीड पाण्यातून उठलं, होडी सुलटी झाली!

खांदा जरासा दुखते, आईले सांगू नको. तिले गोळ्या वेळेवर देतं ना?

"बासष्टाव्या वर्षी हे कायले?" म्हणून तू इचारलं. माहं मन लागते म्हणून! तू काढलेलं पुसदचं परतीचं तिकीट रद्द कर. उद्या मी एकटीच होडी नेणार हाये.

तुही,
रजनीताई