रुंद कोन आणि बिशप नावाचा मासा

ती. मेहुणेबुवा ऑर्व्हिल यांस,

धाकट्या मेहुण्याचा, म्हणजे ऑडविनचा, साष्टांग नमस्कार. (साष्टांग खराच घातला आहे. काल गोठलेल्या तळ्यावरच्या मासेमारीच्या खोपट्याच्या दारात पाय सटकला आणि आठही अंगं बर्फाला टेकली. तोंड योगायोगाने तुमच्या ॲरिझोनाच्या दिशेला होतं, तेव्हा तो तुमच्याच खाती धरावा.) इकडे सर्व क्षेम. थंडी तशी वाईट नाही, म्हणजे माझी गाडी सुरू होत नाही आणि शेजाऱ्याचीही होत नाही, त्यामुळे वाईट वाटत नाही. तुमचे गुडघे कसे आहेत? हिवाळाभर उन्हात शेकून ते आता पोळीसारखे फुगले असतील. तुमच्या बहिणीला, मार्लिसला, विचित्र खोकला झाला आहे. बर्फावर बसली की उसळतो, आणि घरी आली की नावालाही राहत नाही. स्कार्फमध्ये तोंड खुपसून खोकते बिचारी. मी औषधाची बाटली आणली, पण ती घेत नाही.

पत्र लिहिण्यास कारण तसं काहीच नाही, सहज आपली खुशाली विचारावी म्हणून लिहितो आहे. तर झालं असं, की आमचं मासे दाखवणारं यंत्र जुनं झालं होतं, म्हणून मी व्हर्लिनच्या दुकानात गेलो. त्या यंत्राचा जो दट्ट्या बर्फाच्या भोकातून पाण्यात सोडायचा, त्यात दोन प्रकार निघाले. एक अरुंद कोनाचा. त्याचा झोत सरळ खाली जातो आणि आपल्या भोकाखालचंच तेवढं दाखवतो. दुसरा रुंद कोनाचा. तीस फूट पाण्यात तो तळाशी अख्ख्या खोलीएवढं वर्तुळ बघतो. मात्र मासा त्या वर्तुळात नेमका कुठे आहे, हे तो सांगत नाही. व्हर्लिन खाली बघत म्हणाला, की खोल पाण्यासाठी बहुतेक जण अरुंदच नेतात. (आपल्याकडे 'बहुतेक जण' म्हणजे 'अरे गाढवा, तो दुसरा घेऊ नकोस', हे मला कळायला हवं होतं. पण मी आजवर बहुतेक जणांत कधी मोडलो नाही.) जास्त दिसणारं सोडून कमी दिसणारं कोण घेईल? मी रुंद घेतला.

आणि काय सांगू मेहुणेबुवा, पहिल्याच सकाळी मासा दिसला! यंत्राच्या पडद्यावर, तळापासून दोन हात वर, जाडजूड लाल रेघ. असा तसा मासा नव्हे, आपल्या तळ्यातल्या वॉलाय जातीतला कोणी जुनाजाणता. मी गळ त्याच्या नाकासमोर नाचवला, थांबवला, पुन्हा नाचवला. तो ढिम्म हलला नाही. कितीही विनवलं तरी आसनावरून न उठणारा म्हणून मी त्याचं नाव बिशप ठेवलं. दिवसभर बघून मी त्याच्या सवयीही ओळखल्या. अधूनमधून तो सावकाश वर येतो, दिसेनासा होतो, आणि जरा वेळाने परत त्याच खोलीवर येऊन बसतो. (माझा अंदाज, हवा खायला जात असावा.) शिवाय अभिमानी इतका, की मार्लिसने मासा धरला रे धरला, हा उठून गेलाच. दुसऱ्याचं यश बघवत नाही. असे लोक आपल्या मंडळीतही आहेत, नावं घेत नाही.

मार्लिसचं तुम्हाला माहीतच आहे. ती माझ्याकडे पाठ करून चार फुटांवरच्या आपल्या भोकाशी बसते, तुमच्या वडिलांची ती काठी, तिला दोरा, दोऱ्याला आमिष. यंत्र नको म्हणते. तरी रोज बादली तिचीच भरते. मी तिला प्रेमाने म्हटलं, की तू सारखा दोरा वरखाली करू नकोस, बिशप बिथरतो. ती म्हणाली, 'बरं हं,' आणि तिला खोकल्याची मोठी उबळ आली.

इथवर ठीक होतं. पण उपाहारगृहात कॉफी पिताना माझ्या तोंडून निघून गेलं, की महिनाअखेरच्या शुक्रवारी चर्चच्या तळघरात जेवण आहे, त्याला बिशपला मीच घेऊन येणार. कोणी हसलं नाही. सगळे म्हणाले, 'वा, हे काहीतरी वेगळंच!' आपल्याकडे यापेक्षा मोठा अपमान नाही. पाद्रीबाईंनी तर जेवणाच्या फलकावर माझं नाव लिहून टाकलं. आता मासा आला नाही, तर मला उरलेल्या जन्मभर मागच्या बाकावर बसावं लागेल. म्हणून मी पहाटे उठतो, कॉफी करतो, मार्लिसला उठवतो आणि उजाडायच्या आत आम्ही बर्फावर असतो.

वहिनींना नमस्कार. तुमच्या अंगणातला बर्फ मी काढतो, काळजी नसावी.

आपला,
ऑडविन

ता. क. आता विषय निघालाच आहे म्हणून, तुमच्या गॅरेजात तुमचा अरुंद कोनाचा दट्ट्या पडून आहे. किल्ली पाठवलीत, तर बिशप नेमका माझ्या भोकाखाली आहे की जरा बाजूला, याचा एकदाचा निकाल लागेल. घाई नाही. पण लगेच पाठवा.

ता. क. दुसरा. दादा, मी मार्लिस. पाकीट चिकटवायला माझ्याकडे दिलंय. मी न वाचता चिकटवते, असं याला अजून वाटतं. किल्ली अजिबात पाठवू नकोस. अरे, तो बिशप म्हणजे माझ्या दोऱ्याचं आमिष आहे! पहिल्याच दिवशी कळलं मला. मी दोरा उचलला की हा मागे श्वास रोखून धरतो. हसू आवरत नाही, म्हणून खोकते. पण तू गेल्यापासून हा तळ्यावर यायलाच तयार नव्हता रे. खिडकीशी बसून तुझं बंद घर बघत राहायचा. माझा जीव तुटायचा. आता माझ्याआधी उठून कॉफी करतो. अरुंद कोन आला की बिशप जाईल, आणि हा पुन्हा खिडकीशी बसेल. शुक्रवारची चिंता करू नकोस. एक दांडगा वॉलाय मी बादलीत जिवंत ठेवलाय. आदल्या दिवशी हा लघवीला बाहेर गेला, की याच्या गळाला अडकवून खाली सोडून देते. तुझी, मार्लिस.

ता. क. तिसरा. मेहुणेबुवा, तुमच्या गुडघ्यांच्या मलमाचं नाव विचारायचं राहिलं, म्हणून टपालकचेरीत पाकीट पुन्हा उघडलं. वाचलं. आधी कान तापले. मग तिथल्या बाकावर बसून एवढा हसलो, की खिडकीमागच्या बाईंनी मलाही खोकल्याची गोळी दिली. मग मात्र तुमची फार आठवण आली. तिला काही कळवू नका, आणि किल्लीही पाठवू नका. उद्या पहाटे मी आणि बिशप नेहमीच्या जागी भेटणार आहोत. फक्त एक गोष्ट परतटपाली, त्या शुक्रवारच्या आदल्या दिवसाच्या आत कळवा. चकित झालेल्या माणसाचं तोंड कसं दिसतं? आपल्या लोकांत मी कोणाला चकित झालेलं पाहिलेलं नाही, आणि आरशासमोर करून बघतो तर दाढ दुखल्यासारखं दिसतं.