काचेच्या पेटीतल्या घाटेअळ्या

सर, तुम्हाला जाऊन तीस वर्षं झाली, तरी हरभऱ्याचं शेत दिसलं की मला तुमचा राग येतो. राग कसला, किळस येते. नेवाशाच्या रस्त्यावरची आपली पत्र्याची प्रयोगशाळा आठवते. बाहेर दुष्काळ, आत शेकडो बाटल्या, आणि प्रत्येक बाटलीत हरभऱ्याचे घाटे पोखरणारी एकच घाटेअळी. दोन ठेवल्या तर एक दुसरीला खाते, म्हणून एकच. बाटल्या धुवायच्या, पाला घालायच्या त्या पाथर्डीच्या मावशी. शिक्षण चौथी, पण अळ्या त्यांना तुमच्यापेक्षा जास्त कळायच्या.

पुण्याहून मोठे साहेब येणार म्हटल्यावर तुमच्या अंगातच आलं. "बाटल्या काय दाखवायच्या? अळ्यांचा ढीग दिसला पाहिजे!" मावशी भीतभीत म्हणाल्या, "सर, यातल्या चार-पाच मलूल हायत. रोगट वाटत्यात. एकत्र केल्या तर धडधाकट अळ्या त्यास्नी खातील, आन् समद्याच मरतील." तुम्ही म्हणालात, "तू बाटल्या धू. शास्त्र मी बघतो." वा रे शास्त्र! तुम्ही स्वतःच्या हातांनी सगळ्या अळ्या एका काचेच्या पेटीत ओतल्यात आणि हात झटकून चहा मागवलात. मलूल अळ्यांना पळता येईना, त्याच आधी खाल्ल्या गेल्या, आणि त्यांच्याबरोबर रोगही खाणारीच्या पोटात गेला. मग ती मलूल झाली, तिला तिसरीनं खाल्लं. हे मी रोज बघत होतो. तुम्ही तिकडे स्वागताचे हार ठरवत होतात.

आठव्या दिवशी साहेब आले. पेटीत काळ्या पडून उलट्या लोंबणाऱ्या अळ्या, फुटलेल्या कातडीतून गळणारं पाणी, आणि असा वास की साहेबांनी नाकाला रुमाल लावला. तुम्ही जराही अडखळला नाहीत. मावशींकडे बोट दाखवून म्हणालात, "ही बाई हात धुवत नाही, हिनंच रोग आणला." काय तो निर्लज्जपणा! मावशी रडकुंडीला आल्या. "रोज धुते की वो. या दादांना इचारा." साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. माझा प्रबंध तुमच्या सहीसाठी अडला होता. मी म्हणालो, "माझं तिकडे लक्ष नव्हतं."

दुसऱ्या दिवसापासून मावशी दुष्काळी कामावर खडी फोडायला गेल्या. तुमची सही मला त्याच आठवड्यात मिळाली.

तुम्ही हलकट होतात, हे लिहायला आता मला काहीच वाटत नाही, कारण तुम्ही वाचणार नाही. खरं तर पत्र मावशींना लिहायला हवं होतं. गेल्या वर्षापर्यंत त्या होत्या. पत्ता माझ्याकडे होता.