मंदाताई ब्लॉग वाढवतात

कुरुळी, मंगळवार. दिवेलागणीनंतर.

नारळ आला, पस्तीस रुपये. फुलं दहाची. देवीपुढे नारळ वाढवला, पण मन मंदाताईंपाशीच.

वाचलेल्या चांगल्या लेखांच्या लिंका आम्ही बायका ज्या गटात टाकतो, तिथल्याच त्या. राजगुरुनगरच्या, भेट कधी नाही. ह्यांची रात्रपाळी असली की झोपमोड नको म्हणून सकाळची पूजा मी घंटा न वाजवता करते. देवाला चालत असेल का, ही रुखरुख होतीच. मंदाताईंनी ब्लॉगवर लिहिलं, त्याही तशीच करतात. दमून झोपलेल्या माणसाला जपणं हीसुद्धा पूजाच. वाचून किती हलकं वाटलं होतं.

आज त्यांनी गटात लिहिलं, "पुष्कळ लिहून झालं. शुक्रवारी ब्लॉग वाढवते." खाली सगळ्यांचे अंगठे, अभिनंदन.

लेक म्हणाली, "आई, मोठा करतायत. तूही टाक अंगठा."

"अगं, आपण नारळ वाढवतो, दुकान वाढवतो, ते काय मोठं करतो? बाई बंद करतेय."

"मग त्यांना सांग ना. मला काय सांगतेस?"

खरंच की. पण मी दहावी शिकलेली, चारचौघींत कधी लिहिलं नाही. शुद्धलेखन चुकलं तर? चुकू दे. घंटेचं तरी कुणाला सांगितलं होतं मी आजवर? मंदाताईंनी लिहिलं म्हणून तर रुखरुख गेली.

लिहून पाठवलं, आता बरं वाटतंय:

"मंदाताई, तुमची बिनघंटेची पूजा आमच्याही घरी होते. ब्लॉग एवढ्यात वाढवू नका. काय ठरवलंत ते उलट टपाली कळवा."