गॅब्रिएलच्या गाण्यातला ‘तू’ कोण?

आचोळे, नालासोपारा (पूर्व)
१८ मे १९९९

तीर्थस्वरूप यमुनामावशीस,

विलासचा साष्टांग नमस्कार (पाठ धरली आहे, त्यामुळे खुर्चीतूनच, पण मनाने पूर्ण आडवा). तुझे गुडघे कसे आहेत? रत्नागिरीची हवा मानवली ना? रेवाताईला सांग, आंब्याची पेटी पोचली. वरचा थर उत्तम होता, खालच्या थराबद्दल मी कुणाकडे काही बोललेलो नाही. इथे सगळे खुशाल. स्वप्नाने तुला नमस्कार सांगितला आहे आणि मला, पत्र लांबवू नका असे बजावले आहे. पण मावशी, मजकूरच असा आहे की तो पोस्टकार्डात मावायचा नाही. तुझा भाचा रॉक संगीतात उतरला आहे.

घाबरू नकोस. केस वाढवलेले नाहीत (वाढवण्याजोगे उरलेत कुठे) आणि मी गातही नाही. मी अर्थ सांगतो. दिवसभर वालीवच्या कारखान्यात नटबोल्टांचे स्टोअर सांभाळायचे आणि संध्याकाळी भावगीतांच्या कार्यक्रमांचे निवेदन करायचे, हे माझे जुनेच. यंदा सोसायटीच्या वर्धापनदिनाला पोरांनी आपल्या बँडचा हट्ट धरला. बँड म्हणजे होळी गावातला गॅब्रिएल गिटार वाजवत गातो आणि आमच्या वरच्या मजल्यावरचा उमंग ड्रम बडवतो (तो सरावाला बसला की आमच्या मांडणीवरची भांडी साथ करतात). गाणी इंग्रजी, गॅब्रिएलने स्वतः रचलेली. सेक्रेटरी हरिभाऊंनी परवानगी दिली, पण अट घातली की प्रत्येक गाण्याआधी एखाद्या जबाबदार माणसाने मराठीत अर्थ सांगावा. न कळणाऱ्या भाषेत कोणी आपल्याच गच्चीवर येऊन आपल्याला शिव्या देईल आणि आपण टाळ्या वाजवत बसू, ही त्यांची भीती. जबाबदार माणूस म्हणून सर्वानुमते माझे नाव निघाले.

मी गॅब्रिएलला म्हटले, बाबा रे, अर्थ सांग. तो म्हणाला, अंकल, फील करायचं असतं. (आमचे भावगीतवालेही हेच म्हणतात, फक्त त्यांना दोन वाक्ये जास्त लागतात.) शेवटी मी डिक्शनरी घेऊन बसलो आणि मावशी, खरे सांगतो, अंगावर काटा आला. तुझ्यावाचून वाट सरत नाही, असे ते गाणे सुरू होते. तुझी धडधड माझ्या हाडांत भिनली आहे, तुझा उजेड पडला की अंधार बाजूला व्हायचा, आणि आज तू दुसऱ्याच्या दारात उभे राहून माझ्याकडे बघतही नाहीस. आता तूच सांग, हे काय साधेसुधे आहे? आमच्या धंद्यातला पहिला नियम असा की गाण्यात ‘तू’ आला आणि समोर साठीच्या पुढचे लोक बसलेले असले, की ‘तू’ म्हणजे परमेश्वर. मी सुटलोच. धडधड म्हणजे अनाहत नाद, उजेड म्हणजे कृपा, आणि दुसऱ्याचे दार म्हणजे पाप्याचे दार, कारण देव आधी तिथे जातो. गाण्याला लागला त्याच्या पाचपट वेळ मी घेतला. तळमजल्यावरच्या आजींनी पदर डोळ्यांना लावला, आणि प्रत्यक्ष गाणे सुरू झाल्यावर हरिभाऊ मला म्हणाले, हे जरा हळू करता येईल का, अर्थ अजून मनात घोळतोय.

इथवर सगळे छान होते. पण पहिल्या रांगेत गॅब्रिएलचा बाप बसला होता, बॅप्टिस्ट. तुझाच विद्यार्थी, केळीची वाडी असलेला, ज्याला तू सातवीत रसग्रहण शिकवलेस. त्याने माझे दोन्ही हात धरले. म्हणाला, पोरगा रात्रंदिवस तारा छेडतो, मला वाटायचं वाया गेला, त्याच्या मनात हे चाललंय ते तुमच्यामुळे कळलं. मी विनयाने मान खाली घातली (ही सवय नडली). चारच दिवसांत कळले की बॅप्टिस्टने घरी जाहीर केले, गॅब्रिएलला देवाचे पाचारण आहे, त्याला फादर करायला सेमिनरीत घालायचे. घरातून एक तरी फादर व्हावा ही बॅप्टिस्टच्या आईची शेवटची इच्छा होती म्हणे, आणि ज्या घरात इच्छा आधीपासून तयार असते तिथे अर्थ पटकन रुजतो. गॅब्रिएल माझ्याकडे आला तो पांढराफटक पडून. बापापुढे त्याचे तोंड उघडत नाही. मला म्हणाला, अंकल, काहीही सांगा, पण त्या गाण्यातून देव काढा.

आता घातलेला देव काढणे सोपे नसते. पण होळी गावच्या चर्चच्या सणाला, तिथल्याच मैदानात, याच बँडचा कार्यक्रम होता आणि निवेदनाला मीच. आमच्या धंद्यातला दुसरा नियम असा की समोर तरुण मंडळी असली की ‘तू’ म्हणजे प्रेयसी. मी माइक हातात घेतला आणि सांगितले की पहिला अर्थ वरवरचा होता, खरा अर्थ आज सांगतो. श्रोते सरसावून बसले. आता प्रेयसी म्हटली की तिला काही रूप द्यावे लागते, नुसत्या धडधडीवर किती वेळ बोलणार? माझी नजर तिसऱ्या रांगेत गेली. एक मुलगी चष्मा सावरत भुईमुगाच्या शेंगा खात होती, हनुवटीवर तीळ. मी रंगात आलो, मावशी. तो चष्मा, तो तीळ, ती मान कलती ठेवून हसण्याची लकब, सगळे मी त्या गाण्यात पाहिले आणि लोकांना दाखवले. शेंगासुद्धा सोडल्या नाहीत. सगळे मैदान तिच्याकडे वळले. ती बालवाडीची शिक्षिका सेलिन निघाली. तिच्या शेंगा सांडल्या, तिची आई रेजिना माझ्याकडे अशी बघत होती की मी निवेदन तिथेच आवरले. मग गॅब्रिएल गायला लागला आणि पहिल्यांदाच, गिटारकडे न बघता, तिसऱ्या रांगेकडे बघून गायला. मला स्वतःला रडू आले. इतका आनंद मला भावगीतांनी कधी दिला नाही.

बॅप्टिस्ट मात्र हटून बसला आहे. मला म्हणाला, विलासराव, त्याच गाण्यातून देव जाऊन सेलिन आली कशी? येत्या रविवारनंतरच्या रविवारी तो पोराला घेऊन सेमिनरीच्या फादरांना भेटायला जाणार आहे. असो. औषधे वेळेवर घे, चढाची वाट टाळ. इथून सर्वांचे नमस्कार.

तुझा,
विलास

ता. क. : खरे काम असे. बॅप्टिस्ट म्हणतो, निवेदकावर माझा विश्वास उरला नाही, यमुनाबाईंनी सांगितलं तरच मानीन, त्यांनी मला रसग्रहणात दहापैकी दोन दिले होते, त्या कुणाला बरं वाटावं म्हणून बोलत नाहीत. गाणे मराठी करून सोबत ठेवले आहे. तू त्याला चार ओळी लिही की हे गाणे देवाचे नाही, मुलीचे आहे. माझे नाव घालू नकोस.

आणखी एक ता. क. : पाकीट चिकटवणार तोच गॅब्रिएल आला, त्याला पत्र वाचून दाखवले. तो खाली बघत म्हणाला, अंकल, खरं सांगू, ते गाणं माझ्या मोटरसायकलवर होतं, पप्पांनी ती शेजाऱ्याला विकली तेव्हा केलेलं. सेलिनशी तो त्या दिवसाआधी एक शब्दही बोलला नव्हता. आता मात्र रोज बालवाडीचा सुट्टीतला वर्ग सुटायच्या वेळी त्याला त्याच रस्त्याने काम निघते आणि तीही सावकाश चालते. खातरजमा म्हणून मी विचारले, मोटरसायकल परत मिळाली तर? तो म्हणाला, सेलिनला मागे बसायला आवडेल का, ते विचारायला हवं. तेव्हा मावशी, तू मुलगीच लिही.